घरी बांधायच्या विमानासाठी भंगारातून जिग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या आमच्या शेडमध्ये पिटेनपोल एअर कॅम्पर हे दोन आसनी लाकडी विमान आराखड्यावरून बांधायचं काम चालू आहे. शेडमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला विमान दिसतच नाही. दिसतात त्या खिळे-ठोकळे मारलेल्या फळ्या, जुन्या वाड्याच्या तुळया, द्राक्षबागेचे गंजलेले अँगल आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत जे पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पत्र्याचं किंवा नळ्यांचं विमान बांधणाऱ्यांनी विचारलेलेही काही त्यात आहेत.

जिग म्हणजे नेमकं काय? तो नसला तर काय बिघडतं?

सुटे भाग जोडले जात असताना त्यांना ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा साचा म्हणजे जिग. ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना असल्यामुळे आणि सातपूर-अंबडला फिक्स्चर बनवणारी वर्कशॉप्स असल्यामुळे हा शब्द नाशिकला नवा नाही. कारखान्यात एका जिगवर शेकडो भाग निघतात. आपल्याला एकच विमान बांधायचं असतं, तरी जिग लागतोच, कारण एका विमानातसुद्धा अनेक गोष्टी एकसारख्या असाव्या लागतात. एअर कॅम्परच्या पंखात तीसच्या आसपास रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या आहेत. डाव्या पंखाच्या रिब आणि उजव्या पंखाच्या रिब वेगळ्या निघाल्या, तर विमान आयुष्यभर एका बाजूला झुकत राहतं आणि चालवणारा दांडी धरून ते सावरत बसतो.

यात भंगार कुठपर्यंत चालतं?

जिगमध्ये वाटेल तेवढं चालतं. विमानात अजिबात नाही. आमच्या शेडमध्ये या दोन्हींचे कोपरे वेगळे आहेत. विमानाचं लाकूड, प्लाय, बोल्ट आणि गोंद भिंतीलगतच्या कपाटात असतो आणि प्रत्येक वस्तूला तिच्या बिलाचा क्रमांक लावलेला असतो. जिगचं सामान बाहेर ओसरीत. ओसरीतलं लाकूड कपाटात जात नाही, ते कितीही देखणं निघालं तरी.

हा नियम मोडायचा मोह सगळ्यात जास्त होतो तो जुन्या सागाच्या बाबतीत. ऐंशी-शंभर वर्षांची तुळई रंधली की आतून सोन्यासारखी निघते आणि वाटतं, हिचा स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य लांब दांडा, का करू नये? कारणं बरीच आहेत. साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो, तर विमानासाठी वापरला जाणारा स्प्रूस 400 ते 450. सागातल्या नैसर्गिक तेलामुळे गोंदाचा जोड भरवशाचा होत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्या तुळईवर शंभर वर्षांत कुठे, किती भार आला, कोणत्या खिळ्यापासून आत चीर गेली, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. जिगमधली चीर दिसली की आपण पाचर मारतो. पंखातली चीर दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पिटेनपोलने तर मोटारीचं इंजिन लावलं होतं. मग जुनं सामान विमानात का नको?

खरं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पिटेनपोल यांनी 1929 मध्ये फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून एअर कॅम्पर उडवलं. त्यांना सामान्य माणसाच्या आवाक्यातलं विमान हवं होतं. पण त्यांनी जे इंजिन निवडलं ते त्यांना पूर्ण माहीत होतं: त्याची ताकद, त्याचं वजन, ते कुठे तापतं, काय बदलावं लागतं. स्वस्त असणं आणि अनोळखी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भंगाराच्या ढिगातला बोल्ट स्वस्त आहे, पण तो कोणत्या पोलादाचा, किती वेळा आवळला गेला, हे कुणी सांगू शकत नाही. तो जिगला लावा.

सामान कुठे शोधायचं? काय घ्यायचं?

आधी काय लागणार त्याची यादी करा, मग बाहेर पडा. यादीशिवाय गेलेला माणूस टेम्पोभर लोखंड घेऊन येतो आणि पावसाळाभर त्याला ताडपत्री घालत बसतो. आम्हाला जे खरोखर उपयोगी पडलं ते असं.

वाड्यांचं लाकूड. पंचवटी आणि जुन्या नाशकात वाडे उतरवले जातात तेव्हा सागवानी तुळया, चौकटी, दाराच्या फळ्या विकायला येतात. जिगसाठी यासारखं लाकूड नाही. नव्या लाकडातला ओलावा वर्ष-दोन वर्षं निघत राहतो आणि ते वाकत-पिळत राहतं. जुन्या सागाची ही सगळी हालचाल कधीच संपलेली असते. रंधा लावण्याआधी मात्र मोठं लोहचुंबक सगळीकडून फिरवा. जुने खिळे आतच तुटलेले असतात आणि प्लेनर मशीनचं पातं एका खिळ्यात जातं.

द्राक्षबागेचे अँगल. बाग काढली की मांडवाचे लोखंडी अँगल किलोवर मिळतात. लांब, बऱ्यापैकी सरळ आणि आधीच भोकं पाडलेले असतात. पंखाच्या जिगचे खांब आमच्याकडे त्याचेच आहेत. मांडवाची तार ताणायचे स्क्रूही घेऊन ठेवा, जिग सरळ ओढून धरायला ते नामी आहेत.

ग्रॅनाइटचे सिंकचे तुकडे. स्वयंपाकघराच्या ओट्याला सिंकसाठी भोक कापलं की आतला चौकोन ग्रॅनाइटवाल्याकडे पडून राहतो. वरून पॉलिश केलेला, जवळजवळ सपाट दगड. छोट्या फिटिंग्ज (जोडाचे धातूचे तुकडे) आखायला, पॉलिश पेपर चिकटवून ठोकळ्याच्या कडा सपाट घासायला याच्याइतकी चांगली वस्तू नाही. घेताना सरळ पट्टी तिरपी-आडवी ठेवून मागून टॉर्च मारा. उजेड दिसला तर दुसरा तुकडा पाहा. कडप्पा यासाठी घेऊ नका, त्याचा पृष्ठभाग तितका सपाट नसतो.

एमआयडीसीतल्या भंगारवाल्यांकडे ग्राइंडिंग केलेल्या जाड प्लेटा, रद्द झालेले डाय-सेट आणि कधीमधी टी-खाचांचं बीडाचं टेबलसुद्धा मिळून जातं. डाय-सेटच्या दोन प्लेटा पिलरवर समांतर सरकतात, त्यातून भोकं पाडायचा अचूक जिग तयार होतो.

आणखी बारीकसारीक: फ्लश डोअर, ब्लॉकबोर्डच्या कपाटांच्या बाजू, शिलाई मशीनचे बीडाचे पाय, रॅकचे भोकाचे अँगल, तागडीची जुनी वजनं, पीव्हीसी पाइपचे तुकडे, सायकलच्या ट्यूब आणि दुधाच्या पिशव्या. शेवटच्या तीन गोष्टींबद्दल पुढे लिहिलंय.

काय घ्यायचं नाही?

झाकण बंद असलेला पिंप कधीही कापू नका, त्यात काय होतं आणि त्याची वाफ उरलीय का ते सांगता येत नाही. जस्ताचा थर असलेल्या अँगलवर थेट वेल्डिंग केलं तर निघणाऱ्या धुराने थंडी-ताप भरतो. जिथे वेल्ड करायचं तिथला थर आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, त्यांना ड्रिल किंवा करवत लावू नका. जुन्या दारांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासण्यापेक्षा खरवडून काढा आणि मास्क लावा. परदेशी पॅकिंगच्या पॅलेटवर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूने, ते घेऊ नका.

रुळाचा तुकडा ऐरणीसाठी उत्तम असतो, सगळेच शोधतात. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे. रीतसर लिलावातून आलेला आणि बिल असलेला तुकडा मिळाला तरच घ्या. नाहीतर जाड प्लेट वापरा, कामाला तीही पुरते.

मोजमाप अचूक कसं ठेवायचं? महागडी उपकरणं लागतात का?

जिगचं सामान फुकट मिळालं तरी चालेल, मापं फुकटात मिळत नाहीत. ती वेळ खातात. या प्रश्नाचं उत्तर मी नेहमीच सगळ्यात लांब देतो, कारण जिग चुकतो तो इथेच.

पहिलं साधन गवंड्याची लेव्हल पाइप. पारदर्शक नळीत पाणी भरा, त्यात थोडी हळद किंवा खाण्याचा रंग टाका म्हणजे रेषा स्पष्ट दिसते. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये आणि नळीचा एक भाग उन्हात, दुसरा सावलीत असं होऊ देऊ नका. नीट हाताळली तर ती सात-आठ मीटरवर मिलीमीटरच्या जवळपास पातळी दाखवते.

डिजिटल अँगल गेजवर लोकांचा फार विश्वास असतो. त्याचं साधं गणित करून पाहा. 0.1 अंशाची चूक दीड मीटर रुंदीच्या पंखावर 2.6 मिलीमीटर होते. म्हणजे पंखाचा पीळ तपासताना पुढच्या आणि मागच्या स्पारची उंची पाण्याच्या नळीने मोजणं त्या गेजपेक्षा जास्त खात्रीचं आहे. दोन्ही पंखांचा कोन सारखा असणं हे विमान सरळ उडण्याच्या दृष्टीने इतकं महत्त्वाचं आहे, की हे माप आम्ही तीन वेगळ्या दिवशी घेतो आणि तीन वेगळ्या माणसांकडून घेतो.

काटकोनासाठी गुण्या लहान भागांना ठीक. मोठ्या चौकटीला तीन-चार-पाचचा नियम लावा: एका बाजूवर दीड मीटर, दुसऱ्या बाजूवर दोन मीटर, तिरपं अंतर बरोबर अडीच मीटर. त्यावरही समाधान मानू नका. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर चौकट चौकोनी नाही, मग गुण्या काहीही म्हणो.

सरळ रेषेसाठी तंगूस, म्हणजे मासे पकडायची नायलॉनची दोरी, ताणून बांधा. ही वरून पाहायची रेषा आहे हे लक्षात ठेवा. दोरी कितीही ताणली तरी मध्ये थोडी झोळ येतेच, त्यामुळे तिच्यावरून उंची कधी मोजू नये. मध्यरेषा जमिनीवर उतरवायला ओळंबा. ओळंब्याचं टोक हलत राहत असेल तर ते तेलाच्या डब्यात बुडवा, लगेच स्थिर होतं.

सरळ पट्टी सरळ आहे का, हे कसं कळणार? प्लायवर तिच्या कडेने धारदार रेघ ओढा. पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांना लावा आणि पुन्हा ओढा. मध्ये दोन रेघा दुभंगल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मा बाक पट्टीत आहे. ही चाचणी आमच्या शेडमध्ये एका सुताराने शिकवली. तो हे करूनच पट्टी विकत घेतो, दुकानदार कितीही घाई करो.

आणि मोजायची टेप एकच. अख्खं विमान एकाच टेपने. दोन टेपमध्ये मीटरमागे अर्धा मिलीमीटर फरक असला तरी चालतो, जर दोन्ही मिसळल्या नाहीत तर.

रिबचा जिग कसा बनवला?

हा पहिला जिग असावा, कारण त्यात चूक झाली तर नुकसान थोडं आणि शिकायला बरंच मिळतं.

तळाला 19 मिलीमीटरचा जुना ब्लॉकबोर्ड, मागून सागाच्या दोन पट्ट्या स्क्रूने घट्ट, म्हणजे फळी पिळणार नाही. रिबचा आराखडा कागदावर छापून चिकटवू नका. छापताना माप थोडं बदलतं आणि गोंद लागला की कागद फुगतो. आराखड्यातल्या मापांचा तक्ता घ्या, फळीवर आधाररेषा आखा आणि प्रत्येक बिंदू स्टीलच्या पट्टीने मोजून टाचणीने टोचा. एअर कॅम्परच्या पंखाची रुंदी 60 इंच, म्हणजे 1524 मिलीमीटर आहे, तेवढ्यात बरेच बिंदू येतात. मग लाकडाची लवचीक पट्टी त्या बिंदूंवरून वाकवून वक्र ओढा. एखादा बिंदू वक्रातून बाहेर राहिला तर तो मोजताना चुकलेला असतो, परत मोजा.

वक्राच्या दोन्ही बाजूंनी छोटे ठोकळे स्क्रूने बसवा. वक्राबाहेरचे ठोकळे पक्के, आतल्यांपैकी काही विक्षेपी, म्हणजे केंद्र बाजूला ठेवून फिरणारे. असा ठोकळा फिरवला की पट्टी दाबली जाते, सोडला की मोकळी होते. जिथे जिथे जोड येतो तिथे ठोकळ्याचा कोपरा कापून टाका, नाहीतर बाहेर आलेला गोंद ठोकळ्याला धरतो. आणि प्रत्येक जोडाखाली फळीत 12 मिलीमीटरचं भोक पाडा. रिब सुकली की खालून लाकडी खुंटीने हलकेच ढकलून ती उचलायची. आमच्या पहिल्या जिगला ही भोकं नव्हती. दुसरी रिब काढताना पटाशी घातली आणि रिब मोडली.

स्पारच्या जागी स्पारच्या मापाचे सागाचे ठोकळे, माप अर्धा मिलीमीटर सैल, कारण पुढे स्पारवर वार्निश चढतं. रिबच्या पट्ट्या पाव इंच जाड, अर्धा इंच रुंद आणि वरचे त्रिकोणी प्लायचे तुकडे एक सोळांश इंच जाडीचे. पुढच्या नाकाकडचा बाक जास्त असतो, तिथे पट्टी सरळ वाकवायला गेलं तर चिरते. गरम पाण्यात भिजवून वेगळ्या साच्यात थोडी जास्तच वाकवून सुकू द्या. ओली पट्टी गोंदाला लावू नका.

जोडाखाली दुधाच्या पिशव्या. स्वच्छ धुऊन, उलगडून, कापून पसरा. त्या पॉलिथिनच्या असतात आणि इपॉक्सी गोंद त्यांना चिकटत नाही. मेण किंवा तेल वापरू नका, ते लाकडाला लागलं तर जोड कमकुवत होतो आणि कळतही नाही.

गोंद कालवला की प्रत्येक वेळी त्याच घाण्यातून दोन फुटक्या पट्ट्या जोडून ठेवा, वर तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी तो नमुना मोडा. लाकूड फाटलं तर जोड चांगला. गोंदाची रेघ सुटली तर त्या दिवशीची रिब बाजूला काढायची, मन घट्ट करून.

इतके क्लॅम्प कुठून आणायचे?

क्लॅम्प कधीच पुरत नाहीत. दोन इंची पीव्हीसी पाइपच्या एक इंच रुंदीच्या चकत्या कापा आणि प्रत्येकीला एक चीर द्या. झाला स्प्रिंगसारखा क्लॅम्प. पाइपच्या उरलेल्या तुकड्यातून दुपारभरात शंभर निघतात. वाकड्या, थरांच्या भागाला सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ताणून गुंडाळा, सगळीकडून सारखा दाब बसतो. सपाट भागावर तागडीची वजनं किंवा वाळूच्या पिशव्या ठेवा. आणि पाचर विसरू नका. समोरासमोर सरकणाऱ्या दोन पाचरी महागड्या स्क्रू-क्लॅम्पइतक्याच घट्ट धरतात आणि हातोडीच्या एका टोल्याने सुटतात.

फ्युसेलाजचा, म्हणजे विमानाच्या धडाचा जिग?

एअर कॅम्परच्या फ्युसेलाजच्या दोन बाजू आधी सपाट टेबलावर बनतात. एक इंच चौरस लॉन्जरॉन (धडाच्या लांबीभर जाणारे दांडे), मधले उभे-तिरपे दांडे, पुढच्या भागाला प्लाय. पहिली बाजू झाली की ती जिगमध्येच ठेवून वर प्लास्टिक पसरायचं आणि दुसरी तिच्यावरच बनवायची. मग दोन्ही सारख्या निघतात. टेबल सहा मीटरच्या आसपास लांब लागतं. आमचं टेबल दोन तुळया, त्यावर फ्लश डोअर असं आहे.

पण पहिल्या वेळी तुळया नव्हत्या. मे महिन्यात नवं स्वस्त प्लाय आणून अँगलवर टेबल केलं, पातळी लावली, सगळं उत्तम. जुलैत दुसरी बाजू बनवायला घेतली तेव्हा टेबलाचा एक कोपरा पाच मिलीमीटर वर आला होता. पावसाची हवा प्लायने ओढून घेतली होती. मे महिन्यात बनलेली बाजू आणि जुलैतली बाजू एकमेकींवर बसेनात, आणि जुलैतली फेकून द्यावी लागली. ते लाकूड खूप दिवस वाट पाहून मागवलेलं होतं, अजूनही वाईट वाटतं. तेव्हापासून पावसाळ्यात रोज काम सुरू करण्याआधी टेबल तपासलं जातं आणि वहीत लिहिलं जातं.

दोन बाजू उभ्या करून शेपटीकडे जुळवताना दुसरं संकट येतं. एका बाजूचा लॉन्जरॉन जास्त कडक असला तर तो कमी वाकतो आणि अख्खं फ्युसेलाज केळ्यासारखं एका बाजूला जातं. म्हणून लॉन्जरॉन कापण्याआधी दोन टोकांवर टेकवून मध्ये एकच वजन टांगा, किती झुकतात ते मोजा आणि जवळजवळ सारखे झुकणारे जोडीने वापरा. जुळवताना जमिनीवर आखलेली मध्यरेषा, ओळंबा आणि शेपटीच्या खांबापासून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचं अंतर, या तिन्हींवर लक्ष ठेवा.

लोखंडी नळ्यांच्या विमानाला लाकडी जिग चालतो का?

टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके मारण्यापुरता चालतो. ज्योतीपासून थोडी जागा सोडून नळी धरा, लाकूड जळत असेल तर तिथे अँगलचा तुकडा लावा. सगळ्या जोडांना आधी टाके, मग पूर्ण वेल्डिंग, आणि तेही एका टोकापासून सलग नव्हे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा पुढे, एकदा मागे. वेल्ड थंड होताना ओढतो आणि एकाच बाजूने काम केलं तर जिगमधून सोडल्यावर चौकट वाकते.

पत्र्याच्या विमानासाठी काय वेगळं?

पत्र्याच्या रिबला साचा लागतो: जुन्या एमडीएफचे किंवा बाभळीचे दोन ठोकळे, मध्ये पत्रा, कडा लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने वळवायची. पत्रा सोडला की थोडा परत उघडतो, म्हणून साच्याची कड काटकोनापेक्षा तीन ते पाच अंश आत कापा. कडेची गोलाई डिझाइनमध्ये दिलेलीच ठेवा. धारदार कडेवर वळवलेल्या पत्र्यात चीर पडते.

लोखंडी जिगवर ॲल्युमिनियम ठेवताना मध्ये जुनी सतरंजी किंवा फेल्ट लावा. ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात. ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिलने खूण करू नका, ग्राफाइटमुळे तिथे गंज धरतो. मार्कर पेन वापरा आणि कापायची रेघ सोडून कुठेही टोकदार सुईने आखू नका.

उन्हाचाही हिशोब ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यांत 20 अंशांचा फरक सहज पडतो. तीन मीटर ॲल्युमिनियम तेवढ्यात सुमारे 1.4 मिलीमीटर वाढतं, लोखंड साधारण निम्मं. सकाळी निम्मी भोकं आणि दुपारी निम्मी पाडली तर ती जुळत नाहीत. लांब पत्र्याची भोकं एकाच बैठकीत, सकाळीच.

पंखाच्या जोडाची भोकं कशी जुळवायची?

जोडली जाणारी दोन्ही फिटिंग्ज एकत्र आवळून एकाच वेळी ड्रिल करा. आधी लहान भोक, शेवटी रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार. मार्गदर्शक बुश म्हणून जुन्या बेअरिंगची कडक आतली रिंग योग्य मापाची मिळाली तर उत्तम. जुळवताना बोल्ट हातोडीने ठोकावा लागत असेल तर थांबा. ठोकून बसवलेल्या जोडात विमान उडण्याआधीच ताण भरलेला असतो.

एवढा मोठा भाग बाहेर कसा काढणार?

हा प्रश्न जिग बांधण्याआधी विचारा. वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर बांधलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात आणलं. गच्चीवरून विमान उतरवायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. त्यांचा तो ध्यास मला नेहमी धीर देतो. आम्ही दाराच्या मापाची एक पुठ्ठ्याची चौकट करून ठेवली आहे. कोणताही भाग पूर्ण जोडण्याआधी ती त्यावरून फिरवून पाहतो.

परवानगीसाठी जिगची नोंद लागते का?

भारतात डीजीसीएशी (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी) सुरुवातीलाच बोला, विमान तयार झाल्यावर नको. जिगबद्दल माझा सल्ला असा: प्रत्येक जिगचे फोटो, तपासलेल्या मापांची वही, गोंदाच्या नमुन्यांची तारीखवार पेटी जपून ठेवा. प्लायने झाकलेल्या भागात आत काय आहे हे तपासणाऱ्याला दाखवायला नंतर दुसरं काही नसतं.

काम झालं की जिग मोडायचा का?

फ्युसेलाजचं टेबल मोडा, जागा मोकळी होते आणि तुळया पंखाच्या जिगला लागतात. रिबचा जिग ठेवा. शेडमधून पंख हलवताना, गाडीवर चढवताना, कापड चढवताना रिब मोडते, आणि वर्षांनंतर तिच्यासारखीच दुसरी हवी असते. आमचा रिबचा जिग दुधाच्या पिशव्यांसकट कापडात गुंडाळून भिंतीला टांगलेला आहे. मागे मार्करने विमानाचं नाव, ज्या टेपने मोजला तिचा क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली आहे.